एमपीएचला (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) नक्की काय काय शिकावं लागतं? (बीएएमएसनंतर, सोलापूरहून)

स्वस्थवृत्त

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ.

मी बीएएमएस. अक्कलकोट तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून तिसरं वर्ष चालू आहे. घर जुळे सोलापुरात, रोज जाऊन-येऊन करते. बीपी-शुगर तपासायची, पोर्टलवर एन्ट्री करायची आणि रात्री आठला ग्रुपवर "आजचा रिपोर्ट?" आला की तो टाकायचा, असा दिवस. मध्यंतरी सहज आमच्या गावांतले बीपीचे आकडे वहीत मांडून बसले. मागच्या वर्षीपेक्षा रुग्ण दुप्पट. आता खरंच बीपी वाढलंय, की आम्ही जास्त लोक तपासले म्हणून तसं दिसतंय? मला सांगता येईना. एका वरिष्ठांना विचारलं तर म्हणाले, "टार्गेट झालं ना? मग?"

तेव्हापासून एमपीएच डोक्यात बसलंय. एका कन्सल्टन्सीवाल्याने अमेरिकेतल्या विद्यापीठांची पीडीएफ पाठवली. त्यात ४२ क्रेडिट, २२ फाउंडेशनल कॉम्पिटन्सी, कोअर, कॉन्सन्ट्रेशन, इलेक्टिव्ह, एपीई, आयएलई. अख्खं अष्टांगहृदय पचवलेली मी, हे काही पचेना.

गणित बारावीनंतर सुटलं. शेवटच्या वर्षाला संशोधन पद्धती आणि सांख्यिकी होती, ती गाइड वाचून काढली, खोटं कशाला बोलू. तर विचारायचं असं की सक्तीचे विषय कोणते, त्यातलं गणित मला झेपेल का, आणि भारतात केलं तर हेच शिकवतात की वेगळं? शिवाय इथे केलेल्या कामाला तिकडे काही किंमत असते का?

कडक_भाकरी

पहिला नंबर!

ताई, ४२ क्रेडिटचे रुपये किती होतात ते आधी विचारा त्या कन्सल्टन्सीवाल्याला. विषय नंतर बघू. लई लोकं आधी विषय बघतात आणि मग घर गहाण टाकतात.

अटलांटाकर

मूळचा मी बार्शीचा, आता इकडे. एमपीएच इथेच केलं, त्यामुळे पीडीएफचं भाषांतर करून देतो.

यादी चुकीची नाही, पण ती तपासायला येणाऱ्या मंडळींच्या भाषेत लिहिलेली आहे. सीईपीएच नावाची परिषद इथल्या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते. एमपीएच किमान ४२ सेमिस्टर क्रेडिटचं असलं पाहिजे, ही तिची अट. एक विषय साधारण तीन क्रेडिटचा, म्हणजे चौदाएक विषय धरा. पूर्वी पाच खांब ठरलेले असायचे: एपिडेमिऑलॉजी म्हणजे साथरोगशास्त्र (साथीपुरतं नाही हो ते, नाव मराठीत तसं पडलंय इतकंच), बायोस्टॅटिस्टिक्स, पर्यावरण आरोग्य, आरोग्य धोरण व व्यवस्थापन, आणि सामाजिक-वर्तनशास्त्र. २०१६ मध्ये निकष बदलले. विषयांची नावं ठरवून देण्याऐवजी परिषदेने २२ क्षमता दिल्या आणि त्या कुठल्या पेपरात बसवायच्या ते विद्यापीठांवर सोडलं. म्हणून एका ठिकाणी तुम्हाला पाच सुटे पेपर दिसतील आणि दुसरीकडे दोन-तीन जाडजूड पेपरांत सगळं कालवलेलं. आत माल तोच. तुलना करताना पेपरांची नावं नका बघू, एपि आणि स्टॅटला मिळून किती क्रेडिट दिलेत ते बघा. मी तरी एवढ्यावरून विद्यापीठाची पारख करतो.

कॉन्सन्ट्रेशन म्हणजे तुमची शाखा. इलेक्टिव्ह म्हणजे उरलेल्या क्रेडिटमध्ये आवडीचं.

एपीई म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम. बहुतेक जण पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मधल्या उन्हाळ्यात उरकतात. नुसते तास भरून चालत नाही. संस्थेच्या उपयोगी पडेल अशा किमान दोन गोष्टी करून दाखवायच्या (अहवाल, प्रशिक्षणाचं साहित्य, माहितीसंच, काहीही) आणि त्यांतून किमान पाच क्षमता दिसल्या पाहिजेत. आयएलई हे शेवटचं लेखी काम, सगळं शिकलेलं एकत्र बांधून. प्रबंधाचा धाकटा भाऊ म्हणा.

कामाची किंमत: प्रवेशाच्या निबंधात भरपूर. क्रेडिटमध्ये सूट मात्र सहसा मिळत नाही.

गणिताचं म्हणाल तर मला पहिल्या स्टॅटच्या परीक्षेत शंभरापैकी ४१ पडले होते. अजून जिवंत आहे.

कडक_भाकरी

बार्शीचा माणूस अटलांटात ४१ घेतो, हे वाचून सोलापूरला बरं वाटलं.

मीनमेख

आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, म्हणून फक्त त्यावर लिहितो.

एमपीएचच्या सक्तीच्या स्टॅटला कलन, म्हणजे तुमचं इंटिग्रेशन-डिफरन्सिएशन, लागत नाही. बेरीज-वजाबाकी, गुणोत्तर, थोडं बीजगणित, लॉगॅरिदम आणि संभाव्यतेची जाण. पुढे रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध ते काढायची पद्धत) येतं, ते आकडेमोड म्हणून संगणक करतो. तुम्ही शिकायचं ते हे, की त्याला काय विचारायचं आणि त्याने दिलेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा. गणितापेक्षा संशयी स्वभाव उपयोगी पडतो.

तो तुमच्याकडे आहे. "वाढलंय की जास्त तपासले म्हणून दिसतंय" हा एपिडेमिऑलॉजीच्या पहिल्या महिन्याचा प्रश्न आहे आणि तुम्ही तो फी न भरता विचारलात. उत्तराची पहिली पायरी लगेच करता येईल. रुग्णांचा आकडा हा अंश. छेद कुठे आहे? दोन्ही वर्षी किती जण तपासले ते काढा, भागाकार करा आणि इथे टाका.

तयारीसाठी 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. उदाहरणं परक्या मुलखातली नकोत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) घ्या. जिल्हावार तक्ते उघड आहेत, सोलापूरचाही आहे. मूळ माहितीसंच नोंदणी करून अभ्यासासाठी मिळतो.

देवनारची

मी टिसमधून (मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था) केलं, म्हणून भारताची बाजू मांडते. माहेर सोलापूर, पूर्व भाग.

सक्तीचे विषय ढोबळमानाने तेच. फरक जोर कशावर आहे त्यात. टिसमध्ये एमपीएचच्या दोन वाटा: सामाजिक साथरोगशास्त्र, आणि आरोग्य धोरण-अर्थशास्त्र-वित्त. जात, वर्ग, लिंग, कामाची जागा हे तिथे 'इतर घटक' म्हणून शेवटच्या प्रकरणात येत नाही, पहिल्या आठवड्यापासून मानगुटीवर बसतं. आणि भोर समितीचा १९४६ चा अहवाल, १९७८ ची अल्मा-आटा घोषणा, मग २००५ चं ग्रामीण आरोग्य अभियान अशी ओळ लावून शिकवतात. आपण ज्या उपकेंद्रात बसतो ते पाच हजार लोकसंख्येला एक का, हे मला तिथे कळलं.

मीनमेख सर, संशयी स्वभावाबद्दल शंभर टक्के मान्य. पण गुणात्मक पद्धतींचा पेपर तुम्ही गाळलात. तोही लागतो.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, दिवसाला हजार विड्या. कारखान्यात नेऊन दिल्या की त्यातल्या काही 'छाट' म्हणून बाजूला काढायचे, त्याचे पैसे नाहीत, वरून पान कमी पडलं तर ते स्वतःच्या पैशाने आणायचं. आता या बायकांच्या पाठदुखीचा सर्व्हे करायचा असेल तर प्रश्नावलीत 'दिवसाला किती तास काम करता?' असं विचाराल. आई म्हणाली असती, चार तास. कारण स्वयंपाक करता करता, टीव्ही बघता बघता, नातवाला पाय टेकून झोपवता झोपवता वळलेल्या विड्या ती कामात धरतच नव्हती. तास मोजायच्या आधी 'काम' कशाला म्हणतात ते त्यांच्याकडूनच ऐकावं लागतं. हे आर सांगत नाही.

मीनमेख

उदाहरण चोख आहे, मागे घेतो. मात्र चार बायकांशी गप्पा मारून 'समाजाचं म्हणणं' लिहिणारे प्रबंध मी तपासलेत, त्याचा राग अजून आहे.

देवनारची

सर, पाचशे जणींकडून चुकीच्या प्रश्नाची उत्तरं गोळा करणारे प्रबंध मी वाचलेत. फिटंफाट.

खटखट

आमच्या घरात यंत्रमाग होते, चादरीचे. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या प्रोजेक्टला आम्ही मागावरच्या वीसेक कामगारांना विचारलं, दम लागतो का, खोकला आहे का. जवळजवळ सगळे म्हणाले काही नाही. सरांनी लिहून घेतलं, 'कामगारांचे आरोग्य समाधानकारक'. मला पटलं नव्हतं कारण माझा सख्खा चुलता दम्याने घरी बसलाय. असलं काही या कोर्समध्ये शिकवतात का?

पीएसएमवाला

हेच तर शिकवतात, मालक.

तुमचा चुलता तुमच्या प्रोजेक्टमध्ये का नव्हता? कारण तो घरी होता आणि तुम्ही कारखान्यात गेला होतात. ज्यांना झेपलं नाही ते काम सोडून गेले, उरलेल्यांना विचारून तब्येत छान असल्याचा दाखला निघाला. याला हेल्दी वर्कर इफेक्ट म्हणतात. कामगारांच्या आरोग्याचा कुठलाही अभ्यास यात सापडू शकतो. उपाय म्हणजे काम सोडून गेलेल्यांची यादी काढून त्यांच्या घरी जायचं. पूर्व भागात घरं शोधत फिरायची तयारी पाहिजे.

जोडीला हेही वाचा: कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस. सुरुवातीला छाती भरून येते ती सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी, मग आठवडाभरात कमी होते. म्हणून तपासणी कोणत्या वारी केली यावर उत्तर बदलतं. हा त्रास सूतगिरणीत पिंजण-कताईच्या खात्यांत जास्त, विणकामात त्या मानाने कमी. जुन्या मिलमधल्या म्हाताऱ्यांना विचारलं असतं तर वेगळं ऐकायला मिळालं असतं. मागावर कानांची तपासणी आधी करायला हवी. तिथली माणसं एकमेकांशी ओरडून का बोलतात ते तुम्हाला मी काय सांगू.

आता डॉक्टर, तुमच्यासाठी. मी एमडी (पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक). आपल्या सोलापूरच्या वैशंपायन मेडिकल कॉलेजात (१९६३ चं ते) हा विभाग आहे, पण एमडीला एमबीबीएस आणि नीट-पीजी लागते, तो तुमचा रस्ता नाही. एमपीएच दोन वर्षांचं, आणि बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या शाखांचे पदवीधर चालतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचं अच्युत मेनन केंद्र हे १९९७ पासून शिकवतंय. पुणे विद्यापीठातही आहे. पण एमपीएच ही प्रॅक्टिसची पदवी नाही, तिने ओपीडीतले अधिकार वाढत नाहीत. आणि सरकारी जाहिरातीत 'एमपीएच' पुढे कंसात कुठल्या मूळ पदवीनंतरचं ते लिहिलेलं असतं. प्रवेश घेण्याआधी मागच्या पाच-सहा जाहिराती काढून तो कंस वाचा. माझ्या ओळखीच्या दोघांनी तो नंतर वाचला.

अटलांटाकर

पीएसएमवाला यांच्या कंसावरून आठवलं. इकडे येणार असाल तर शाखेचा कोड बघा. एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅट स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहेत, सर्वसाधारण पब्लिक हेल्थचा कोड नाही. शिक्षण संपल्यावर कामासाठी किती काळ राहता येतं ते यावर ठरतं. डिग्रीचं नाव एकच, 'एमपीएच', पण आतला कोड वेगळा. कन्सल्टन्सीवाले हे आपणहून सांगत नाहीत.

इंग्लंडचा विचार असेल तर तिथे एका वर्षात १८० क्रेडिट असतात, त्यातले बहुधा ६० प्रबंधाचे. १८० बघून घाबरू नका, ४२ बघून खूश होऊ नका. दोन्हीकडचं माप वेगळं, शेर आणि किलोसारखं.

गप्पीमासा

मी आरोग्यसेवक म्हणून नोकरी केली. ३१ वर्षं. मलेरियापासून सुरुवात. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. हा धागा मुलीने दाखवला. इंग्रजी नावं कळत नाहीत पण तुम्ही लोक जे बोलताय ते आम्ही करत होतो असं वाटतंय म्हणून लिहितो. चुकलं तर सांगा.

कंटेनर सर्व्हेला जायचो तेव्हा शंभर घरं बघायची. किती घरांत डासाची अळी सापडली तो हाऊस इंडेक्स. शंभर घरांमागे किती भांड्यांत अळी सापडली तो ब्रेटो इंडेक्स. आमच्यातला एक जण नुसतं 'आज १२ भांडी दूषित' लिहायचा. साहेब विचारायचे, किती घरांत हिंडलास? सर म्हणतात तो छेद हाच ना? पंढरपूरला आषाढीची ड्यूटी कितीतरी वर्षं केली. जुलाबाचे पेशंट किती आले ते रात्री वायरलेसवर सांगायचो. पण पेशंट किती माणसांतले, ते कोण सांगणार? माउलींची माणसं मोजता येतात का. मग आम्ही कालच्या आकड्याशी आजचा ताडून बघायचो आणि एकाच बाजूच्या तंबूंतून जास्त यायला लागले की तिथलं पाणी बघायचं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची, ओटी टेस्ट करायची (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायला), पिवळं आलं की पुढचा टँकर.

दुसरी गोष्ट. शहरात कंटेनर सर्व्हेला असताना 'कोरडा दिवस पाळा' सांगत फिरायचो. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासून पुसून वाळवा म्हणजे डासाची अळी मरते. एका बाईने बॅरल उघडून दाखवलं. म्हणाली, काका, नळ पाचव्या दिवशी येतो. हे ओतून दिलं तर लेकरांना काय पाजू? मी काय बोलणार. गप्पी मासे सोडले आणि आलो. वर रिपोर्टमध्ये कॉलम होता, 'जनजागृती केली: होय/नाही'. मी होय लिहिलं.

हे कुठल्या विषयात येतं?

देवनारची

काका, हे पाचही विषयांत येतं. अळी मोजली ती एपिडेमिऑलॉजी, इंडेक्स स्टॅट, बॅरल पर्यावरण आरोग्य. बाईने ओतलं का नाही हे वर्तनशास्त्र. उजनीत पाणी असताना नळ पाचव्या दिवशी का, हे धोरण. आम्हाला वर्गात नेमकं हे जोडायला वर्ष गेलं. वर्तनशास्त्राच्या पेपरात लोक पोस्टर आणि पथनाट्य लिहून मोकळे होतात. त्या बाईला सगळं माहीत होतं. तिला पोस्टर नको होतं.

अटलांटाकर

गप्पीमासा काका, इकडे पहिल्याच तासाला लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटचा हातपंप शिकवतात, १८५४, जॉन स्नो. कॉलऱ्याने कोण कुठे मेलं ते घरोघर विचारून त्याने पंप गाठला, प्रसिद्ध नकाशा नंतर काढला. तुमचे तंबू आणि तो पंप, पद्धत एकच. त्याचं नाव पुस्तकात आलं एवढंच.

कडक_भाकरी

काकांना ४२ क्रेडिट देऊन टाका. मी तर सगळं वाचून घरचं बॅरल बघून आलो. चार अळ्या. एक घर, एक दूषित. हाऊस इंडेक्स १०० आला की हो काका?

गप्पीमासा

हो. एका घराचा इंडेक्स काढत नाहीत. बॅरल घासा.

स्वस्थवृत्त

दोन दिवस सबसेंटरला कॅम्प होता, उशीर झाला. सगळ्यांचे आभार, काका तुमचे विशेष.

मीनमेख सर, भागाकार केला. मागच्या वर्षी ३१२ जण तपासले, त्यात ५८ जणांचं बीपी जास्त. यंदा ६९० तपासले, त्यात ११७. म्हणजे रुग्ण दुप्पट, पण प्रमाण १८.६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर. वाढलं तर नाहीच, थोडं उतरलंय! मीटिंगमध्ये सांगावं म्हणते.

एमपीएचचं म्हणाल तर यंदा अमेरिकेचा नाद सोडलाय. हे वर्ष स्टॅट पक्कं करायचं आणि पुढच्या वर्षी इथलेच दोन-तीन फॉर्म भरायचे. जाहिरातींमधले कंस वाचायला घेतलेत.

पीएसएमवाला

मीटिंगमध्ये सांगा, पण नावं-पत्ते वहीतून बाहेर जाऊ देऊ नका, आणि यावर लेख लिहायचा झाला तर आधी लेखी परवानगी आणि नैतिकता समितीची मंजुरी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा नजरेखालून घाला. कुठेही गेलात तरी हा भाग सक्तीचा असतोच.

मीनमेख

भागाकार बरोबर. 'उतरलंय' हे मात्र इतक्यात म्हणू नका. मागच्या वर्षी ३१२ कोण होते? बहुधा आपणहून आलेले, म्हणजे ज्यांचं डोकं दुखत होतं किंवा घरात कुणाला बीपी होतं ते. यंदा दुपटीहून जास्त तपासलेत, म्हणजे घरोघर गेला असाल, तर त्यात धडधाकट पोरंही आली असतील. प्रमाण त्यानेच खाली येईल. शिवाय दोन्ही वर्षांतली वयं सारखी आहेत का ते बघा. ३० ते ४४, ४५ ते ५९, ६० च्या पुढे असे तीन गट पाडून परत करा. आणि अजून एक: तपासलेले ६९०, पण तुमच्या गावांत तिशीच्या पुढचे एकूण किती?

स्वस्थवृत्त

अरे देवा.

एकूण तिशीच्या पुढचे पोर्टलवर दिसत नाहीत. पण आशाताईंनी घरोघर सीबॅक फॉर्म (तिशीच्या पुढच्यांच्या तब्येतीची प्रश्नावली) भरलेत, त्यांच्या रजिस्टरला असतील. सोमवारी तिघींना रजिस्टर घेऊन बोलावते.

गप्पीमासा

शेतावर राहणारी घरं रजिस्टरला सुटतात. वस्त्या वेगळ्या विचारा.